बदलीची मरळ

नाशिकला गंगापूर रोडवर माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे. प्राणीशास्त्रात पदवी घेतली तेव्हा आईला वाटलं होतं, मुलगी प्राध्यापक होणार. झाली मासेवाली. गप्पी, मॉली, गोल्डफिश असा किरकोळ माल, आणि बंगलेवाल्यांसाठी डोक्यावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न. घरोघरी जाऊन टाक्या साफ करायचं कामही मी घेते, आणि खरं सांगायचं तर दुकान त्याच्यावरच चालतं.

या धंद्यात एक वाक्य सारखं कानावर येतं. मासा मेला की गिऱ्हाईक दुःखी होऊन येत नाही, चांगलं हलकं होऊन येतं आणि म्हणतं, "माशानं घेतलं." म्हणजे घरावर काहीतरी येणार होतं, ते माशाने आपल्यावर घेतलं. मासा मेलेला असतो नळाचं पाणी तसंच टाकीत ओतल्यामुळे, पण हे ऐकायला कुणी तयार नसतं. सुरुवातीला मी क्लोरीन म्हणजे काय ते समजावून सांगायचे. आता "हो ना" म्हणते आणि दुसरा मासा पिशवीत घालून देते.

आणखी एक काम आम्ही सगळेच दुकानदार करतो, फक्त त्याचा बोभाटा करत नाही. घरचे लोक गावाला गेलेले असतात, किल्ली आमच्याकडे असते, आणि नेमका तेव्हाच मासा मरतो. मग तसाच दुसरा शोधून आणायचा आणि गुपचूप सोडून द्यायचा. मी त्याला 'बदली' म्हणते. फसवणूक म्हणा हवं तर. पण घरात एखादं लहान मूल असतं, एखादी एकटी म्हातारी असते, त्यांना कशाला वाईट वाटू द्यायचं? रंग, लांबी आणि ठिपके जुळले की कुणालाही काही कळत नाही.

माझी मोठी बहीण पल्लवी दिंडोरीजवळ मळ्यात राहते. धनराजदाजींची द्राक्षबाग आहे. मी लग्न केलं नाही. आई-वडील गेल्यावर माहेर म्हणायला ताईच उरली होती. रविवारी दुकान बंद केलं की स्कूटर काढायची आणि तिच्याकडे जायचं. तिथे गेल्यावर ती मला रागवायची, जेवायला वाढायची, परत रागवायची. जगात माझं असं तेवढंच एक माणूस होतं, आणि मला ते पुरत होतं.

जानेवारीत ताईच्या पोटाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले, पण घरी आल्यावर ती उठेचना. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. अन्नावरची वासना उडाली. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद नाही, खायला घाला. तेव्हा तिच्या सासूबाईंनी, साळूबाईंनी, वाघाड धरणावरच्या एका ओळखीच्या माणसाकडून जिवंत मरळ मागवली. मरळ म्हणजे आमच्याकडे आजाऱ्याचा मासा. काटे कमी, रस्सा अंगी लागतो. ती वर येऊन हवा घेते, त्यामुळे तळाशी चार बोटं पाणी असलं तरी जगते. बाजारातसुद्धा जिवंतच विकायला ठेवतात.

बादली ताईच्या खोलीच्या दारात होती. मरळ हातातून निसटू नये म्हणून साळूबाई राख घेऊन बसल्या होत्या, शेजारी विळी. ताई खाटेवरून बादलीकडे एकटक बघत होती. मरळ थोड्या थोड्या वेळाने वर यायची, तोंड उघडून हवेचा घोट घ्यायची आणि खाली जायची.

"कापू नका तिला," ताई म्हणाली. त्या आठवड्यात तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं धड वाक्य असेल.

साळूबाई हट्टी बाई, पण सुनेवर जीव. त्यांनी विळी मिटली. "नाय कापत. राहू दे घरात. तुझ्यावरचं घेईल ती."

मी सवयीने "हो ना" म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकानातली एक मोठी टाकी टेम्पोत घालून मळ्यावर नेली आणि ताईच्या खाटेच्या पायथ्याशी मांडली. झाकणावर वजन ठेवलं, कारण मरळ उडी मारते. ज्या टाकीत मी रंगीत मासे विकते, तिच्यात रश्शाचा मासा सोडताना मला हसू येत होतं. चिखलाच्या रंगाचं अंग, सापासारखं डोकं, शेपटीकडे काळपट पट्टे. शोभा अशी काही नव्हती, पण ताईचं मन रमत होतं, आणि मला तेवढं बस होतं.

मरळ उजव्या कोपऱ्यात राहायची. हवा घ्यायलाही तिथूनच वर यायची. एकदा ताईजवळ बसले असताना मला जाणवलं, की मरळ वर आली की ताई दीर्घ श्वास घेते, आणि मरळ खाली गेली की सोडते. त्यात काही नवल नाही. दिवसभर एकाच गोष्टीकडे बघत राहिलं की माणसाचा श्वास तिच्या चालीला लागतो. मी हे तिला सांगितलंही. ती म्हणाली, "नाही गं. ती माझ्या मागोमाग येते."

फेब्रुवारीत मरळीने खाणं सोडलं. ताईने तर आधीच सोडलेलं होतं. मग एका सकाळी ताई शुद्धीवर राहिना, तेव्हा दाजींनी तिला गाडीत घालून नाशिकला आणलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, जंतू रक्तात गेलेत, आजचा दिवस निघाला तर बघू. दाजी भिंतीला टेकून उभे राहिले.

दुपारी ताईला थोडी जाग आली. कपडे आणि तिची गोधडी आणायला मी मळ्यावर जाते म्हटल्यावर तिने मास्कच्या आतून विचारलं, "ती कशी आहे? बघून ये."

मळ्यावर घरात कुणी नव्हतं. बागेत द्राक्षं काढायचं काम चालू होतं, क्रेट आपटल्याचे आवाज येत होते. ताईच्या खोलीत ऊन आलं होतं. मरळ टाकीच्या तळाशी कुशीवर पडलेली होती.

मी हात घालून पाहिलं. मेली होती. अंगावर जखम नाही, पाण्याला वास नाही, पाणी मीच दोन दिवसांपूर्वी बदललेलं. मरळ अशी मरत नाही. आटलेल्या तळ्याच्या चिखलात महिनोन् महिने तग धरणारा मासा तो. मी खाटेवर बसले आणि मला फार भीती वाटली. साळूबाईंना सांगितलं असतं तर त्या देवापुढे साखर ठेवायला धावल्या असत्या. माशानं घेतलं. पण ताईने मला विचारलं असतं, आणि मी तिला काय सांगणार होते?

म्हणून मग मी मला येत होतं ते काम केलं. मेलेली मरळ बांधाशी खड्डा करून पुरली. स्कूटर तशीच उलटी फिरवली आणि नाशिकला भद्रकालीतल्या मासळी बाजारात गेले. लंकाबाईच्या घमेल्यात जिवंत मरळी होत्या. मी एकेक उचलून शेपटीकडचे पट्टे बघायला लागले.

"ही नको, ती नको," लंकाबाई वैतागली. "खायला पायजे का सोयरिकीला?"

मला हवी तशी मिळाली. तीच लांबी, तेच पट्टे. पुन्हा मळ्यावर जाऊन ती टाकीत सोडली, मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला आणि गोधडी घेऊन दिवे लागायच्या सुमारास इस्पितळात पोचले.

"मस्त आहे बघ," मी म्हणाले.

ताईने व्हिडिओ पूर्ण पाहिला. तिचा चेहरा वाचता येत नव्हता. "छान आहे," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

सकाळी ताप नव्हता.

डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. मलाही तसंच वाटतं. असं होतं कधीकधी. पुढच्याच आठवड्यात आम्ही ताईला घरी आणलं. ती स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरली, तेव्हा दाजी पाठ फिरवून बागेकडे बघत राहिले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

साळूबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग आत येऊन टाकीसमोर उभ्या राहिल्या.

"जितीच हाय का ही?"

"हो मावशी. चांगली खातेय आता."

"मग दुखणं घेतलं कोणी?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

नवा मासा कसा ओळखायचा, हे गिऱ्हाइकांना माहीत नसतं. ती रंग बघतात. रंगावरून कळत नाही. नव्या माशाला टाकी माहीत नसते. खाणं एका कोपऱ्यात पडतं आणि तो दुसरीकडे शोधतो. काच कुठे संपते ते कळेपर्यंत नाक आपटून घेतो. ही मरळ तेच करत होती, डावीकडे जाऊन काचेला धडकत होती. मी आपण होऊन काही सांगणार नव्हते, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

ताई स्वयंपाकघरात जायला उठायची आणि तिचा खांदा चौकटीला लागायचा.

आधी मीही म्हटलं, झोक जातो आहे. मग एकदा ती दिवा लावायला गेली आणि कोऱ्या भिंतीवर हात फिरवत राहिली. बटण दाराच्या दुसऱ्या बाजूला आहे. त्या घरात तिची वीस-बावीस वर्षं गेलीत. जेवायला बसताना ती उभीच राहायची, बाकीचे बसले की उरलेल्या पाटावर बसायची.

"आजून ताकद नाय आली अंगात," दाजी म्हणायचे. ते खुशीत होते. ताई जेवत होती, हसत होती, कुणावर रागवत नव्हती.

पोटावरची खूण जागेवर होती. मी स्वतः पट्टी बदलली आहे. मानेवरचा तीळही होता. सगळं जुळत होतं.

मी तिला लहानपणच्या गोष्टी सांगू लागले. मी रामकुंडावर हरवले होते ती गोष्ट, आईने एका फ्रॉकच्या कापडात दोघींचे फ्रॉक बसवले होते ती गोष्ट. ती मन लावून ऐकायची. मधे तोंड घालायची नाही, माझं चुकलं तरी दुरुस्त करायची नाही. संपलं की म्हणायची, "अजून सांग."

मार्चमधल्या एका रविवारी दाजी माल घेऊन पिंपळगावला गेले होते. साळूबाई ओसरीवर लवंडल्या होत्या. मी टाकी साफ करत होते. ताई चहा घेऊन आली, कप खाली ठेवून माझ्या शेजारी उकिडवी बसली.

"ही ती नाही ना?" तिने विचारलं.

माझा हात पाण्यातच राहिला. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ही अजून चुकते."

"तुला वाईट वाटेल म्हणून केलं गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्यासाठीच करतात."

ओसरीवर साळूबाईंनी कूस बदलली. मरळ वर आली, हवेचा घोट घेऊन खाली गेली. मला विचारायचं नव्हतं. पण तोंडातून गेलंच.

"माझी ताई कुठे आहे?"

ती चिडली नाही. दचकलीही नाही. माझा ओला हात तिने आपल्या हातात घेतला. तिचा हात उबदार होता.

"थोडे दिवस जाऊ दे," ती म्हणाली. "कळेल मला घर."

मला रडू कोसळलं. आईच्या वेळीही मी अशी रडले नव्हते. तिने पदराने माझं तोंड पुसलं. ताई खसाखसा पुसायची. हिने हळूच पुसलं.

मग तिने कप माझ्या हातात दिला. मी घोट घेतला. गोड होता. वडिलांचा मधुमेह पाहिल्यापासून मी बिनसाखरेचा चहा घेते. साखर घालायच्या आधी ताई माझा कप काढून बाजूला ठेवायची.

"बरा झालाय?"

"छान झालाय," मी म्हणाले. "माझ्यात साखर नको घालत जाऊ."

"बरं," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी पोचले तेव्हा माझा कप बाजूला काढून ठेवलेला होता.