चिगूची कालवं

आनपिंग गावच्या देवळासमोर निंगशानची खाण्याची गाडी होती. तिच्या हातचं कालवांचं आम्लेट खायला माणसं सकाळपासून रांग लावत. त्या दिवशी मात्र कालवं घेऊन येणारे, चिगूच्या खाडीवरचे लिनकाका फिरकलेच नाहीत. त्यांच्याऐवजी उन्हानं रापलेला एक तरुण डबा घेऊन समोर उभा राहिला.

"मी पोयेन, त्यांचा पुतण्या. काकांचा हात मोडलाय."

निंगशाननं एक कालव बोटांत दाबून पाहिलं. "ही पाण्यात भिजवून फुगवलीत."

"मालकीणबाई, आमच्या मालाला नावं ठेवू नका."

"मी कशाला ठेवू? तवाच सांगेल."

तिनं मूठभर तव्यावर टाकली. चर्र झालं, पाणी सुटलं... आणि टपोरी कालवं शेंगदाण्याएवढी झाली.

पोयेनचे कान लाल झाले. शिंपले फोडून कालवं काढणाऱ्या मजुरांची ही लबाडी त्याला ठाऊकच नव्हती. तो डबा उचलून निघून गेला. निंगशाननं दिवसभर नुसत्या अंड्यावर भागवलं, आणि चिडायचं सोडून त्या लाल कानांचाच विचार करत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो हजर. कालवं लहान, घट्ट. बोटांना चार चिकटपट्ट्या.

"स्वतः फोडलीस?"

"दिसत नाही?"

"दिसतंय. कालवांपेक्षा बोटंच जास्त फोडलीस."

तो हसला. तिनं रताळ्याचं पीठ, पालेभाजी, अंडं घालून एक आम्लेट उलथलं, वर गोडसर लाल सॉस ओतला आणि ताटली त्याच्यापुढे सरकवली. पहिल्या घासाला त्यानं डोळे मिटले – आणि निंगशानचं उलथणं क्षणभर तव्यावरच थबकलं.

मग रोजचंच झालं. तो जरा लवकर येई, ती जरा उशिरा सोडी.

दोन महिन्यांनी एका शनिवारी काका स्वतःच डबा घेऊन आले. "पोयेनला बोटीवर नोकरी लागली. सोमवारी जातोय. तुला बोलला नाही?"

ऐन दुपारची रांग समोर असताना निंगशाननं गॅस बंद केला. "आज एवढंच," म्हणाली आणि स्कूटर काढली.

चिगूच्या खाडीत तो बांबूच्या तराफ्यावर कालवं लगडलेला दोर ओढत होता.

"मालकीणबाई? आणि गिऱ्हाईक?"

"उपाशी आहे. न सांगता निघाला होतास?"

"सांगायला चारदा आलो होतो... तू ताटली पुढे केलीस की जमायचं नाही."

"मग मी सांगते. मला तू आवडतोस. नोकरी सोड असं म्हणत नाही. पण हे ऐकल्याशिवाय जायचं नाही."

त्याच्या हातातला दोर सुटला. "सहा महिने लागतील, निंगशान."

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती.

"लागू देत."

"आणि माझी आई आज तुला जेवायला ठेवून घेईल. तू कोण, म्हणून विचारेल."

"काय सांगशील?"

"खरं तेच," म्हणत त्यानं हात पुढे केला. निंगशाननं चपला काठावर काढल्या आणि तराफ्यावर पाय ठेवला.