धरून ठेवलेली जागा

सॅक भरून झाल्या असतील तर दाराशी टेकवा आणि बसा जरा गच्चीवर. पहाटे परदेशी निघायचंय म्हणून आज काही तुम्हाला झोप लागणार नाही, मला ठाऊक आहे. मघाशी तुम्हा भावाबहिणीचं खिडकीच्या जागेवरून जे चाललं होतं, मी पुढे जातो, मी रुमाल टाकतो, ते ऐकून मला आमचा भिंग्या आठवला. दिवा राहू दे बंद, उगाच डास येतात.

गुरुवारी मी त्याच्याकडेच गेलो होतो, नव्या नंबरचा चष्मा आणायला. चौकातलं ते अरुंद चष्म्याचं दुकान आहे ना, ते त्याचं. पूर्वी तो दुसऱ्याच्या मोठ्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचा. सकाळपासून मशीनवर मान खाली, म्हणून तिथल्या लोकांनी त्याला भिंग्या केलं. आणि पुढे काउंटरवर बसायचा साखऱ्या. त्याची जीभ अशी की डोळे ठणठणीत असलेला माणूसही एखादी फ्रेम घेऊनच बाहेर पडायचा. दोघे शाळेपासूनचे जिवलग. पुढचं सगळं भिंग्याने स्वतः मला सांगितलंय. माझ्या पदरचं असलं तर मीठ, तेही चवीपुरतं.

या जोडगोळीची एक रीत होती. कुठेही जायचं असो, बस असो, सिनेमा असो, कुणाच्या लग्नातली पंगत असो, साखऱ्या म्हणायचा, तू हो पुढे, जागा धर, मी आलोच. वाटेत त्याला हटकून कुणीतरी भेटायचं आणि त्याचं ते 'आलोच' चांगलं लांबायचं. भिंग्या पुढे जायचा. त्याच्या खिशात काचा पुसायचं मऊ पिवळं फडकं कायम असायचं, ते शेजारच्या जागेवर टाकायचा आणि लोकांचे डोळे चुकवत बसून राहायचा. मग साखऱ्या हसत यायचा, फडकं उचलून याच्या खांद्यावर टाकायचा आणि धपकन बसायचा. जमलेल्या सगळ्या गर्दीतून हा माणूस शेवटी आपल्याच शेजारी येऊन बसतो, याचं भिंग्याला फार अप्रूप होतं. तेवढ्यावर तो खूश असायचा. तसे फार मित्र नव्हते त्याला, खरं सांगायचं तर दुसरा नव्हताच.

दोघांनी मिळून स्वतःचं दुकान काढायचं ठरलं. त्याआधी एकदा जग बघून येऊ, असं साखऱ्याच्या डोक्यात आलं आणि त्याच्या डोक्यात आलं म्हणजे झालंच. पाठीवर सॅक टाकून दोघे बाहेर पडले. फिरत फिरत एका बंदराच्या गावी आले. दिवसा सुस्त पडलेलं गाव, पण अंधार पडला की धक्क्याकडे जाणाऱ्या गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसायची. जुन्या गोदामांच्या तळघरांत बार, प्रत्येकातून वेगळं गाणं, बाहेर दगडी पायऱ्यांवर ग्लास घेऊन बसलेली जगभरची पोरं. उतरले होते एका हॉस्टेलात. एका खोलीत बरेच दुमजली पलंग, त्यातल्या एकावर वर साखऱ्या, खाली भिंग्या. रात्री तहान लागली की साखऱ्या वरून नुसता हात खाली सोडायचा आणि भिंग्या झोपेतच त्यात पाण्याची बाटली द्यायचा. बोलावंही लागायचं नाही.

आणि मग तिथल्या स्वयंपाकघरात गिटारवाला भेटला.

माणूस वाईट नव्हता. हे भिंग्यानेच मला सांगितलं, आणि सांगताना त्याच्या तोंडावर कडू काढा प्यायल्यासारखा भाव होता. एकटाच फिरत होता, दिसायला देखणा, हसतमुख. साखऱ्याचं आणि त्याचं पहिल्या संध्याकाळीच गूळपीठ जमलं. मग जिथे दोघे जायचे तिथे तिघे जायला लागले आणि तिघांत भिंग्या मागे राहायला लागला. ते दोघे नाचायला उतरले की याच्या मांडीवर तिघांची जॅकेटं. ते दोघे हसले की हा विचारायचा काय झालं, आणि साखऱ्या म्हणायचा, जाऊ दे रे, सांगून कळणार नाही. एका रात्री तर साखऱ्याने लहानपणीची ती विहिरीची गोष्ट गिटारवाल्याला सांगितली. विहिरीत साखऱ्या पडला होता आणि दोर भिंग्याने टाकला होता. साखऱ्याने रंगवून सांगितली, पण दोर टाकणारा 'कुणीतरी एक मुलगा' झाला. भिंग्या समोर बसलेला.

पोटात निखारा ठेवल्यासारखं झालं, काका, असं मला म्हणाला. जळत होता तो. दुसरा शब्द नाही त्याला. गिटारवाल्याचं गाणं सुरू झालं की याला वाटायचं, तार तुटावी. तो ठेचकाळला तर याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. संध्याकाळी मोजे वाळत घालता घालता साखऱ्या सहज म्हणाला की गिटारवाला पुढे डोंगराकडे निघालाय, मीही जातोय, दुकानाची काय घाई आहे, वर्षभराने बघू. मग जरा थांबून म्हणाला,

"तुला यायचं असेल तर ये तूही."

असेल तर. भिंग्या मला म्हणाला, शाळेपासून आजवर या माणसाने मला कधी असेल तर म्हटलं नव्हतं.

त्या रात्री शेवटची मजा म्हणून धक्क्याजवळच्या एका तळघरात जायचं ठरलं. पायऱ्यांशी साखऱ्याला कुणीतरी भेटलं. तू हो पुढे, जागा धर, आम्ही आलोच. आता 'मी'चं 'आम्ही' झालं होतं. भिंग्या उतरला. बारा वाजून गेले होते. आत धूर, घाम, दणादण ठोके. अगदी कोपऱ्यात भिंतीशी एक लाकडी बाक होता आणि तो रिकामा होता. एवढ्या गर्दीत रिकामा कसा, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. बसला. शेजारी पिवळं फडकं टाकलं. एकच जागा धरली. तिसऱ्यासाठी बाकावर हवी तेवढी जागा होती, पण तिथे त्याने स्वतःचं जॅकेट आडवं पसरलं. गिटारवाल्याने उभं राहावं.

बसून राहिला. लोक ग्लास सांभाळत उभ्याउभ्या ताटकळत होते, पण त्या जागेबद्दल कुणी विचारलं नाही. तिकडे कुणी बघितलंही नाही. मग गर्दी जरा फाकली आणि त्याला काउंटरपाशी ते दोघे दिसले. कधीचे आत आले होते. साखऱ्याचा हात गिटारवाल्याच्या खांद्यावर. साखऱ्याने एकदाही मान वळवून बघितलं नाही की आपली जागा कुठे धरलीय.

भिंग्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तो बोलला. मनातल्या मनात नाही, चांगलं तोंडाने, मराठीत, त्या गदारोळात.

"तू नकोच येऊस. ज्याला कुणी नसेल, त्याने यावं. ही जागा त्याची."

बाक करकरला.

त्याने बघितलं. शेजारी कुणी नव्हतं. पण बाकाची फळी खाली दबली होती... कुणी बसल्यावर दबते तशी. चुरगळून पडलेलं फडकं सपाट झालं होतं. ओल्या लोकरीचा वास आला. खारट, जुना. आणि त्या बाजूचा त्याचा दंड गार पडत गेला.

फडकं उचलून निघावं म्हणून त्याने ते ओढलं.

निघेना.

पुन्हा ओढलं. एका टोकाने हातात येत होतं... मधोमध मात्र कुणीतरी बसलेलं होतं.

फडकं तिथेच टाकून तो उठला, जॅकेट उचललं, लोकांना ढकलत पायऱ्या चढला. गल्ली, दिवे, हसणारी पोरं. गार हवेत जरा सावरला. जास्त झाली असेल, म्हणाला स्वतःला. खरं तर त्याने एक थेंब घेतला नव्हता. हॉस्टेलात आला, खोलीत अंधार होता, बाकीचे पलंग रिकामे. शनिवारी कोण लवकर येतंय. बुटांसकट आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दार वाजलं नाही. पण शिडी कुरकुरली. वरचा पलंग वाकला, गादीचा फुगवटा खाली आला.

आला. साखऱ्या आला.

भिंग्याचा सगळा राग लोण्यासारखा वितळला. आपल्यामागे, गिटारवाल्याला सोडून आला. अंधारात बोलायला तोंड फुटतं माणसाला. तो बोलला. एरवी जे जन्मात बोलला नसता ते सगळं बोलला. मला फार जळायला होतं रे, म्हणाला. तू दुसऱ्याचा झालास की माझं काही उरत नाही. नको जाऊस त्याच्याबरोबर. आपण दुकान काढू. आपण दोघंच. तिसरं कुणी नको आपल्यात, कधीच नको. बोल ना. कबूल?



मग... एक हात खाली आला.

नेहमीसारखा. भिंग्या हसला. बाटली शोधली नाही, तो हातच हातात घेतला.

गार होता. ओला होता.

बोटं मिटली.

तेवढ्यात उशाशी फोन वाजला. दुसऱ्या हाताने उचलला त्याने. पडद्यावर नाव साखऱ्याचं. कानाला लावला. मागे गाणं, ठोके, माणसांचा कालवा... आणि साखऱ्याचा आवाज.

"अरे कुठे आहेस तू? आम्ही इथे खाली शोधतोय तुला."

भिंग्याने हात ओढून बघितला.

"ऐकतोयस ना? भिंग्या?"

हात सुटत नव्हता.

"बरं, थांब तिथेच. मी आलोच."

आणि या वेळी तो खरंच लगेच आला, पळत आला, गिटारवाल्याला न सांगता. फोनवर भिंग्याचा आवाजच आला नव्हता. दिवा लावला तर भिंग्या खालच्या पलंगावर अंग आखडून बसलेला, उजवा हात छातीशी धरलेला, कोपरापर्यंत ओला. वरचा पलंग रिकामा. उशीवर पिवळं फडकं. चार घड्या घातलेलं.

साखऱ्याने डोंगराचा बेत तिथल्या तिथे रद्द केला. गिटारवाल्याला दोन ओळींचा निरोप टाकला आणि भिंग्याला घेऊन घरी परत आला. विमानात पूर्ण वेळ त्याचा हात धरून बसला होता. भिंग्याला पाहिजे होतं ते सगळं त्याला मिळालं बघा. दुकानही निघालं, हेच, चौकातलं. काउंटरमागे दोन स्टुलं, एक याचं, एक त्याचं.

पण साखऱ्याला ते स्टूल लाभेना. बसला की घसरायचा. सपाट फरशी, चार पाय मजबूत, आणि हा गिऱ्हाइकांसमोर खाली. आधी हसला. मग हसेना. एकदा पडला तो काचेच्या कपाटावर, मनगटाला टाके पडले. शेवटी एका दुपारी भिंग्याला म्हणाला, तुझ्याशेजारी बसलो ना, की कुणीतरी माझ्याकडे रागाने बघत असतं. मला नाही जमणार रे. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. तो दुसऱ्या गावी गेला, तिथे काउंटर सांभाळतो. फोन करतो म्हणे सणावाराला, पण फोन लागला की मधेच कटतो.

भिंग्याचं लग्न जमत आलं होतं मध्यंतरी. मुलगी दुकान बघायला आली, त्याच्या शेजारी उभी राहिली, आणि घरी जाऊन नाही म्हणाली. कारण सांगितलं नाही.

तर गुरुवारी मी गेलो. ऊन चढलं होतं, गुडघे दुखत होते, मी सरळ काउंटरमागे शिरलो नि त्या दुसऱ्या स्टुलावर टेकायला गेलो. भिंग्याने काच घासता घासता वर न बघता म्हटलं,

"काका, तिथे नको. ती जागा धरलीय."

मी चेष्टेने विचारलं, अजून वाट बघतोस का रे साखऱ्याची. त्याने मशीन बंद केलं. इतकं थकलेलं तोंड मी तिशीच्या पोराचं कधी बघितलं नाही.

"साखऱ्या निदान मधूनमधून जायचा, काका," तो म्हणाला. "हा कुठेच जात नाही."

मग माझा चष्मा आणायला आतल्या खोलीत गेला.

मी एकटा. स्टुलावर ते पिवळं फडकं पसरलेलं. मला वाटलं, पोर खुळं झालंय. फेकून द्यावं हे एकदाचं. वाकलो. दोन बोटांनी टोक धरलं. ओलं होतं.

उचललं...

टोक वर आलं. बाकीचं आलं नाही.