हॅनाची मावशी

सकाळची पूजा आटोपली, तुळशीला पाणी घालून झालं, की मृणालिनीबाई बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत बसत, मांडीवर कापसाचं तबक घेत आणि एका मुलीचा जीव वाचवायला लागत.

मुलगी खरी नव्हती. हॅना थॉर्न तिचं नाव. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, आता फारसं कुणी वाचत नाही अशा एका इंग्रजी कादंबरीची ती नायिका. आईबापांविना वाढलेली, मावशीकडे राहणारी. शेवटच्या प्रकरणात ती मावशीच्या प्रार्थनेच्या दिव्यासाठी तेल आणायला बर्फात बाहेर पडते आणि माळावर थिजून मरते. साताऱ्याच्या कॉलेजात मृणालिनीबाईंनी ही कादंबरी वर्षानुवर्षं शिकवली होती. शेवटचं प्रकरण आलं की त्या चष्मा काढून पुसू लागायच्या, आणि मागच्या बाकावरच्या मुली ‘आता मॅडम रडणार’ म्हणून एकमेकींना कोपराने ढोसायच्या.

त्या निवृत्त झाल्या आणि थोड्याच दिवसांत ग्रंथालयाने ‘शक्यतावाचक’ घरी न्यायला द्यायला सुरुवात केली. दिसायला पोथीएवढी काळी पाटी. तिला कादंबरी दिली की ती पात्रांचं बोलणं-चालणं, गप्प राहणं, सगळं तपासून प्रत्येकाची ‘स्वभावरेखा’ काढी. मग वाचकाने गोष्टीतला एखादा प्रसंग बदलायचा आणि पुढे काय झालं असतं ते पाटीने सांगायचं.

“प्रसंग बदलता येईल, स्वभाव नाही,” पाटीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “स्वभाव बदलला, तर ती व्यक्ती ती राहत नाही.”

यंदाच्या चातुर्मासात मृणालिनीबाईंनी लक्षवातींचा नेम धरला होता. हात वाती वळत आणि मन हॅनाला सोडवत असे. ऋजुता ऑफिसला निघता निघता डोकावायची.

“काय मावशी, आज हॅनाबाईंना कुठे पाठवलंस?”

“थट्टा कर तू. काल तिला वारशात घर मिळवून दिलं.”

“मग?”

“मामेभावाला देऊन टाकलं तिने. म्हणाली, त्याला मुलं आहेत.”

“बावळट आहे,” ऋजुता हसली. “कापसातली सरकी काढून ठेवलीय. तुझं भगर-आमटीचं झाकून ठेवलंय, थंड खाऊ नकोस. आणि गुडघ्याला तेल मी आल्यावर लावीन, तू वाकू नकोस.”

ऋजुता त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण आणि मेहुणे एका अपघातात गेले, तेव्हा ती फ्रॉक घालून या घरी आली होती. आता धरणाच्या कार्यालयात पाण्याची मोजमापं ठेवायची. मृणालिनीबाईंचं सोवळ्यातलं एक वेळचं जेवण, पूजेची फुलं, एकादशी, सगळं न सांगता सांभाळायची. ‘पोरीने कधी तोंड वाकडं केलं नाही हो,’ असं मृणालिनीबाई शेजारणींना कौतुकाने सांगत.

हॅना मात्र वाचत नव्हती. बर्फ पडलाच नाही असं केलं, तर ती तापाने फणफणलेल्या शेजारच्या मुलाच्या उशाशी बसली आणि त्याच तापाने गेली. तिला मागणी घालणाऱ्या शाळामास्तरला अधिक धीट केलं, तर तिने त्याला अधिक मायेने नकार दिला. चिडून मृणालिनीबाईंनी गोष्टीतल्या मावशीलाच आधी मारून टाकलं, तर हॅना मावशीचं रिकामं घर झाडत-पुसत तिथेच म्हातारी झाली. हे मरण त्यांना पहिल्यापेक्षा वाईट वाटलं.

त्या बुधवारी त्यांनी वेगळाच प्रश्न केला. “दर वेळी नेमकं अडतं कुठे? ते दाखव.”

पाटीने सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या. दर वेळी हॅना कुठेतरी निघण्याच्या बेतात असे. शाळामास्तरबरोबर, शहरातल्या नोकरीवर, कधी नुसतीच एखाद्या मैत्रिणीकडे. आणि दर वेळी, अगदी मरण्याआधीही, मावशी एक वाक्य बोले. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. शिकवताना मृणालिनीबाईंनी त्या वाक्याखाली कधी रेघही मारली नव्हती.

‘मी तुला कधीच अडवलं नाही, बाळ.’ एवढं बोलून मावशी प्रार्थनेला बसे.

मृणालिनीबाईंच्या बोटांतली वात तशीच राहिली.

एवढ्यात फोन वाजला. ऋजुता मोबाइल घरी विसरून गेली होती.

“ऋजुता मॅडम आहेत का? मी लेहच्या हिमनदी संशोधन केंद्रातून बोलतोय. त्यांची निवड झाली होती, तीन वर्षांसाठी. त्यांनी नकार कळवलाय.” माणूस जरा घुटमळला. “खरं सांगू का, त्यांच्यासारखं पाणी वाचणारं माणूस आम्हाला दुसरं मिळालेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जागा राखतोय. तेव्हा पुन्हा फोन करीन. घरची काही अडचण आहे का?”

“नाही,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “घरची काहीच अडचण नाही.”

फोन ठेवला आणि त्यांना आठवलं. मागच्या आठवड्यात जेवताना ऋजुता म्हणाली होती, “मावशी, कुणी लडाखला बोलावलं तर जावं का गं?” आपण काय म्हणालो होतो? आपण खरंच काही वाईट बोललो नव्हतो. “जा की. मी कुठे तुला अडवते?” असं म्हणून हात धुऊन जपाला बसलो होतो.

इतकी वर्षं त्या हॅनासाठी रडल्या होत्या, कारण हॅना म्हणजे आपणच असं त्यांना वाटे.

संध्याकाळी ऋजुता आली तेव्हा वातींचं तबक कपाटात गेलं होतं.

“ऋजू, मी नेम सोडतेय. पुढच्या वर्षी बघू. आणि स्वयंपाकाला बाई लावूया.”

ऋजुताच्या खांद्यावरची पर्स खाली घसरली. “माझं काही चुकलं का, मावशी?”

“तुझं काय चुकणार! अगं, लेहहून फोन आला होता. तू जा. मला तुझी मुळीच गरज नाही.”

शेवटचं वाक्य त्यांनी घाईघाईत, जोर देऊन म्हटलं. ऋजुताचा चेहरा उतरला. फ्रॉक घालून दारात उभी होती तेव्हा असाच उतरला होता.

“त्या फोनने दुखावलीस ना? तुला आधी सांगायला हवं होतं,” ती हळूच म्हणाली. “मी नाहीच म्हटलंय गं. माझं मन नाही जायचं. खरंच.” तिने तबक कपाटातून काढलं आणि कापूस पुढ्यात घेऊन स्वतःच वाती वळायला बसली. “तुझा नेम माझ्यापायी मोडायला नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणालिनीबाईंनी पाटीला शेवटचं विचारलं. “मावशीनेच हॅनाला घराबाहेर काढलं तर? रागावून, भांडून?”

“हॅना गाडीच्या थांब्यापर्यंत जाते,” पाटी सांगू लागली. “मावशी इतकी बदलली म्हणजे आजारी असणार, असं तिला वाटतं. ती चालत परत येते. वाटेत बर्फ लागतो.”

“आणि मावशी तिच्याबरोबर गेली तर?”

“मावशीची स्वभावरेखा तसं होऊ देत नाही. आपल्या चर्चपासून ती एक रविवारही दूर राहत नाही.”

मृणालिनीबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. सासऱ्यांनी दिलेली बाळकृष्णाची मूर्ती, रोजची फुलं, निरांजन. देवापुढे आयुष्यात त्यांनी काही मागितलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. लेहच्या थंडीत हा गुडघा? तिथे तुळस जगते का? सोवळ्याचं कसं व्हायचं? एकामागून एक कारणं येत गेली, आणि प्रत्येक कारण खरं होतं. ‘मीही येते तुझ्याबरोबर’ हे शब्द दिवसभर त्यांच्या ओठांपाशी येऊन परत गेले.

शुक्रवारी दिवेलागणीला त्यांनी निरांजन लावलं. वात ऋजुतानेच वळलेली, एकसारखी, घट्ट. पहिल्यांदाच त्यांनी पदर पसरला. पण मागायचं काय, तेच कळेना. हिचा स्वभाव बदलू दे म्हणावं, तर ही ऋजू राहणार नाही. आणि आपला बदलू दे म्हणावं, तर या वयात उरणार तरी काय?

मागे फोन वाजला.

ऋजुता स्वयंपाकघरातून आली. हात पदराला पुसले, फोन उचलला, पण कानाला लावला नाही. लहानपणापासून करायची तसं तिने आधी मावशीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

मृणालिनीबाई हसल्या असत्या, तर ‘माझ्यासाठी उसनं हसतेय’ असं तिने धरलं असतं. रडल्या असत्या तर प्रश्नच नव्हता. काही बोलल्या असत्या, तर त्यातलं न बोललेलं तिने बरोबर ऐकलं असतं. फोन वाजतच होता. त्यांनी हात जोडले, देवाकडे तोंड फिरवलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

पण मिटलेल्या डोळ्यांतूनही ही पोर काहीतरी वाचेलच, नाही का?