खिंडीत थांबणारी टिटवी

"ढकला! अजून जोर! स्वानंद, तू ढकलतोयस की नुसता टेकलायस?"

"टेकून ढकलतोय, ताई!"

अंड्यातल्या बलकासारखी पिवळीजर्द, दोन दारांची, ठेंगणी गाडी 'टिटवी' खिंडीच्या चढावर हटून बसली होती. तिला रस्त्याच्या कडेला लावण्यासाठी तिघं जण झटत होते. सायली, तिचा धाकटा भाऊ स्वानंद आणि कोळवणचा त्यांचा सुट्टीतला दोस्त अमोल. आत स्टिअरिंगवर सायलीचे बाबा घामाघूम झाले होते. गाडी विकत घ्यायला आलेल्या अपूर्वा मॅडम पर्स खांद्याला लावून शांतपणे बघत उभ्या होत्या. त्यांचं ते शांत बघणंच सायलीला जास्त टोचत होतं.

"आमचा बैलबी एवढा आडत न्हाई," अमोल धापा टाकत म्हणाला.

गाडी कडेला लागली. बाबा उतरले. "पेट्रोल तर संपलं नाही?" असं पुटपुटत त्यांनी मागच्या बाजूचं टाकीचं टोपण फिरवलं.

फुस्स्स!

"टिटवी पादली!" स्वानंद किंचाळला आणि अमोलसकट रस्त्यावरच लोळायला लागला.

"गप रे!" सायलीनं त्याला चिमटा काढला, पण तिलाही हसू आवरेना. बाबांनी टाकीत काडी घालून बघितली. पेट्रोल भरपूर होतं. टोपण लावून त्यांनी किल्ली फिरवली, तर गाडी लगेच सुरू!

"बघा मॅडम! इंजिन तापलं होतं, दुसरं काही नाही. आता गार झालं."

पण गावाची वेस दिसू लागते न लागते तोच टिटवी पुन्हा आचके देऊन थांबली.

अपूर्वा मॅडम लवळ्याच्या कॉलेजात शिकवायच्या. "सर, गाडी मला मनापासून आवडलीय," त्या बाबांना म्हणाल्या, "पण मी एकटी फिरते. आडवाटेवर अशी थांबली तर मी काय करू? रविवारी सकाळी पुन्हा येते. खिंड चढून, उतरून परत आली तर घेतली म्हणून समजा. नाही तर..."

त्यांनी पर्स खांद्यावर सारखी केली.

टिटवी होती आत्याआजीची. आशालता हे तिचं नाव, बाबांची आत्या. तरुणपणी नर्स म्हणून ती परभणीहून कोळवणच्या खोऱ्यात आली आणि इथलीच होऊन गेली. गाव तिला अजूनही 'सिस्टर' म्हणतं. ज्या कंपनीनं ही गाडी बनवली ती कधीच बंद पडली होती. गाडीचं अंग पत्र्याचं नव्हतं, फायबरचं होतं. त्यामुळे मुळशीच्या पावसातही तिला गंज चढला नाही, पण सुटे भाग काही मिळेनात. मग आरसा रिक्षाचा आला, वायपर टेंपोचा आला आणि मागचा दिवा चक्क ट्रॅक्टरचा! हॉर्न तेवढा मूळचा राहिला. टिटवीसारखाच, टिटीव-टिटीव! ओढ्याच्या वळणावर आत्याआजी तो दोनदा वाजवायची. मग वाडीतली माणसं म्हणायची, "पाणी तापत ठेवा, सिस्टर आल्या!"

आता तिचा गुडघा क्लच दाबू देत नव्हता. गाडी अंगणात उभी राहून झुरण्यापेक्षा चालवणाऱ्याच्या हाती जावी, एवढंच तिला हवं होतं.

आणि नेमकी नवरात्रानंतर टिटवी अशी वागायला लागली! पौडच्या वाल्मीक मेस्त्रींनी प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलचा पंपही नवा बसवला. गॅरेजच्या दारात टिटवी शहाण्यासारखी चालायची. खिंडीत गेली की संप!

गाडी ओढत घरी आणली तेव्हा फाटकाशी दादासाहेब उभेच होते. नदीकाठच्या रिसॉर्टचे मालक. माणूस मोठा हौशी, आवाज त्याहून मोठा.

"सिस्टर, कशाला त्या म्हातारीशी झटापट करताय? मला द्या. टप कापतो, आत माती भरतो, झकास बोगनवेल लावतो. पुण्याची मंडळी येत्यात, फोटो काढत्यात. तुमची गाडी लई फेमस व्हईल!"

"चालत्या गाडीत माती भरणार?" स्वानंदचे डोळे विस्फारले.

"चालती कुटं हाय, बाळा?"

आत्याआजी पदराच्या टोकानं बॉनेटवरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, "रविवारीही थांबली, तर न्या."

सायलीनं बोटांवर दिवस मोजले. रविवार काय, परवावर येऊन ठेपला होता!

*

खळ्यावर भाताच्या पेंढ्यांचा ढीग लागला होता. त्यावर तिघांची सभा भरली.

"माझं ऐका," अमोल म्हणाला, "हे काम भैरूचं हाय. दादासाहेबांचा डायवर. काल गाडीभवती फिरत व्हता. टायर बघत व्हता म्हनं! गाडी बिघडली की फायदा कुनाचा?"

"दादासाहेबांचा!" स्वानंदनं मांडीवर थाप मारली. "ताई, पकडू या त्याला!"

"पुराव्याशिवाय कुणाला चोर म्हणायचं नाही," सायली म्हणाली. तिचे डोळे मात्र चमकत होते. "घरात दिवाळीची रांगोळी आहे ना? संध्याकाळी गाडीभोवती चाळणीनं पातळ पसरायची. जो कुणी येईल त्याचे पाय उमटतील!"

"आगं, लई भारी!"

सकाळी दात न घासताच तिघं अंगणात धावले. रांगोळीवर मांजराची पावलं होती. कोंबडीचे तीन-तीन बोटांचे ठसे होते. आणि... माणसाची अनवाणी पावलं! लहानशी. एक पाऊल पूर्ण, एक ओढत टाकलेलं. ड्रायव्हरच्या दारापर्यंत गेलेली आणि तिथून परत फिरलेली.

स्वानंदनं वाकून बघितलं. "ताई, ही तर आत्याआजीची पावलं. मग आत्याआजीच गाडी बिघडवते?"

सायली तशीच आत गेली. आत्याआजी चकलीची भाजणी मळत होती.

"आत्याआजी, तू पहाटे गाडीपाशी गेली होतीस?"

"गेले होते." तिनं मान वर केली नाही. "आत बसले होते जरा. घरातलं माणूस परगावी निघालं की आपण बसतो ना त्याच्याजवळ, उगीचच? तसं."

सायलीला रडूच आलं. आपण हिच्यावर पाळत ठेवली? तिनं पटकन शेजारी बसून सोऱ्या हातात घेतला.

"बरं झालं आलीस. तेल संपलंय, तो नवा डबा ओढ इकडं."

आत्याआजीनं पत्र्याच्या डब्याच्या एका कोपऱ्यावर खिळा धरून बत्त्यानं ठोकला. भोक पडलं. सायलीनं डबा कढईवर तिरका केला. तेल भळ्ळकन आलं आणि थबकलं. पुन्हा गुटुक, पुन्हा थबकलं. मग येईचना.

"अगं, तेल अडकलं!"

"अडकेल नाही तर काय! थांब, समोरच्या कोपऱ्यावर दुसरं भोक पाडते. आत हवा जायला नको? डब्यानं श्वास घेतला, तरच तो तेल सोडतो."

ठक्! दुसरं भोक पडलं आणि तेलाची सरळ, सोनेरी धार लागली.

सायली त्या धारेकडे बघतच राहिली. आतलं तेल बाहेर यायचं तर बाहेरची हवा आत जायला हवी. आणि टाकीतलं पेट्रोल? ते इंजिनाकडे जातं, तेव्हा टाकीत हवा कुठून येते?

फुस्स्स!

"आत्याआजी!" ती ताडकन उठली. "टिटवी पादली नव्हती! तिनं श्वास घेतला होता!"

"काय बोलतेस, पोरी?"

"बाबांनी टोपण उघडलं, तेव्हा फुस्स झालं आणि ती लगेच सुरू झाली! इंजिन गार झालं म्हणून नाही, टाकीत हवा गेली म्हणून! गॅरेजच्या दारात थोडंसंच पेट्रोल लागतं, म्हणून तिथं ती चालते. खिंडीपर्यंत जाता जाता मात्र टाकीतून पेट्रोल निघतच नाही. या डब्यासारखं!"

आत्याआजीचा हात पिठातच थांबला. "अगं बाई! त्या टोपणाला भोक होतं की बारीकसं. मुंगी जाईल एवढं."

बाबा सकाळीच बाजाराला गेले होते. गॅस बंद करून सगळी वरात अंगणात गेली. टोपण काढलं. वर मधोमध करडा, दगडासारखा घट्ट गोळा चिकटलेला होता.

"हे तर मी मळलं होतं!" स्वानंद आनंदानं ओरडला. "मे महिन्यात! एमसील! कणकेसारखं मळलं आणि बाबांनी लावलं. पावसाचं पाणी टाकीत जायला नको म्हणून!"

ओरडून झाल्यावर त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"म्हंजी," अमोल हळूच म्हणाला, "चोर तुमच्याच घरात हाय."

सायलीला ती दुपार आठवली. त्यांच्या गावाहून, जांब्याहून, ऑफिसची सुट्टी काढून आलेले बाबा, उन्हात लाल झालेले, टिटवीची एकेक फट बुजवत होते. "आत्यानं आमच्यासाठी कमी केलंय का?" असं आईला म्हणत होते. पावसाळाभर गाडी ताडपत्रीखाली झाकलेलीच होती. मग कळणार कसं?

"चोर नाही रे," ती म्हणाली. "बाबांनी जपायलाच केलं होतं."

अमोल घरी पळाला आणि भाताची पोती शिवायचं दाभण घेऊन आला. आत्याआजीनं टोपण नीट धुऊन, पुसून दिलं. आळीपाळीनं टोकरता टोकरता गोळ्याचे टवके उडाले. सायलीनं टोपण उन्हात धरलं, तर उन्हाचा एक बारका ठिपका स्वानंदच्या नाकावर येऊन बसला!

"पन पावसात पुन्ना पानी जाईल की," अमोल म्हणाला. त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला आणि एकाच कडेनं वर चिकटवला, छत्रीसारखा. "आता वारं आत, पाऊस भाईर!"

"पण ताई," स्वानंदचा आवाज एकदम बारीक झाला, "आता टिटवी बरी झाली. म्हणजे आता ती जाणार ना?"

हा विचार सायलीच्या मनात आलाच नव्हता. तिनं आत्याआजीकडे पाहिलं.

आत्याआजीनं त्याच्या डोक्यावर पिठाचा हात ठेवला. "जायची तर आहेच, बाळा. चालत जाऊ दे." मग ती डोळे मिचकावून म्हणाली, "आणि ऐका, उद्यापर्यंत तोंडाला कुलूप! तुमच्या बाबाला, मनीषला, नाही सांगायचं आणि दादासाहेबांना तर मुळीच नाही."

*

रविवारी अपूर्वा मॅडम आल्या. त्यांच्या पाठोपाठ दादासाहेबही आले, टेंपो आणि भैरूला घेऊन!

"खिंडीतनं वढून आनायला टेंपो लागंलच की!" ते गडगडले.

"आणि नाही लागला तर?" सायलीनं विचारलं.

"तर ती बोगनवेल मी माझ्या टोपीत खोवीन! जा, सगळ्यांम्होरं सांगतो!"

"मग तुम्हीच चला ना आमच्याबरोबर, काका. डोळ्यांनी बघा!"

दादासाहेब खरंच मागच्या सीटवर घुसले. गुडघे कानाला लागले, तरी ऐट कमी नाही. शेजारी सायली चेपून बसली. पुढे बाबा, आणि चालवायला अपूर्वा मॅडम.

टिटवी निघाली. ओढा मागे पडला. वेस गेली. चढ सुरू झाला. बाबांनी दाराची मूठ घट्ट धरली होती. सायलीनं तर श्वासच रोखून धरला. आपलं चुकलं असेल तर? चकलीच्या तेलावरून कुणी गाडी दुरुस्त करतं का?

ऐन खिंडीत गाडीला एक जोराचा हिसका बसला.

"आली! आली थांबायची येळ!" दादासाहेबांनी टाळी वाजवली.

"थांबत नाहीये," अपूर्वा मॅडम हसून म्हणाल्या. "मी गिअर बदललाय."

आणि टिटवी वर चढली! खाली खोरं उलगडलं. अर्धी कापलेली, अर्धी पिवळी खाचरं उन्हात पसरली होती. मॅडम पलीकडे उतरल्या, वळल्या आणि पुन्हा चढून आल्या. टिटवीनं एकही आचका दिला नाही. परतीच्या वाटेवर दादासाहेब चक्क गुणगुणत होते!

अंगणात उतरताच बाबा चक्रावून म्हणाले, "पण आज इंजिन तापलं कसं नाही?"

सायलीनं टोपणाकडे बोट दाखवलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. तेलाचा डबा, फुस्स आणि तो करडा गोळा. बाबा ऐकत गेले आणि त्यांचे कान लाल होत गेले.

"म्हणजे मीच? अरे देवा! ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो मी!" त्यांनी सायलीला जवळ ओढलं. "आणि माझी चूक माझ्या लेकीनं शोधली. शाब्बास गं! शाब्बास रे पोरांनो!"

"जपलंस रे, मनीष," आत्याआजी म्हणाली. "फक्त जरा जास्तच घट्ट जपलंस."

दादासाहेबांनी गपचूप टोपी पुढे केली. स्वानंदनं कुंपणावरच्या बोगनवेलीचा भलामोठा गुच्छ तिच्यात खोवला. "पोरं हायेत का पोलीस!" दादासाहेब म्हणाले आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. भैरूनं तर मोबाईलवर फोटोच काढला.

कागदांवर सह्या झाल्या. आत्याआजीनं किल्ली अपूर्वा मॅडमच्या हातात ठेवली आणि कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. पिवळी पाठ, ट्रॅक्टरचा लाल दिवा... टिटवी फाटकाबाहेर पडली, झाडाआड गेली. अंगणात तिच्या जागेवर रांगोळीचा पुसट चौकोन तेवढा राहिला. सायलीनं आत्याआजीचा हात धरला.

तेवढ्यात ओढ्याच्या वळणावरून आवाज आला.

टिटीव-टिटीव! टिटीव-टिटीव!

खाचरात भात कापणाऱ्या बायका विळे हातात तसेच धरून उभ्या राहिल्या. "सिस्टर आल्या का काय?" एकीनं हाक दिली.

आत्याआजीनं डोळे पुसले आणि हात उंच करून ती ओरडली, "अगं, मी इथंच आहे! गाडी निघाली कामाला!"