पाणी जाते कुठे?

सन दोन हजार तेवीस, मार्गशीर्ष महिना, रविवारची सकाळ. स्थळ, वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड गावी, शिवेलगतच्या एका भाजीपाला-रोपवाटिकेचे अंगण. उक्त दिवशी उक्त स्थळी शिवम नावाचा तरुण जुनी गाडी विकत घेण्याच्या हेतूने मंगरूळपीरहून आला, आणि त्याला प्रथम दर्शन घडले ते गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांचे.

"हिरालालभाऊ हायेत काय जी?"

"बाबा रिसोडले गेले," गाडीखालून उत्तर आले. "तुमी कोन?"

"गाडी घेनारा."

पाय क्षणभर निश्चल झाले. मग उज्ज्वला सरपटत बाहेर आली. गालावर काळा डाग, आणि नजरेत स्वागताचा लेशही नाही. त्याला कारण होते. याच गाडीतून ती वांग्या-टोमॅटोची रोपे गावोगाव पोचवी; तो व्यवसाय तिने स्वतः उभा केला होता. परंतु अलीकडे रेडिएटरमधले पाणी गुपचूप नाहीसे होऊ लागले, इंजिन भर रस्त्यात तापू लागले, आणि तिच्या वडिलांनी निक्षून सांगितले : संध्याकाळपर्यंत दुरुस्त झाली तर ठेवू, नाहीतर येईल त्याला देऊन टाकू.

येणारा तर आलाच होता.

"खोट हाय हिच्यात," ती सरळ म्हणाली. "पानी पिते."

"पिते... का सांडते?"

तिने चमकून पाहिले. ज्याला ज्याला हे गाऱ्हाणे सांगितले, त्याने 'विकून टाक' एवढेच म्हटले होते. पाणी जाते कुठे, हे जाणून घ्यावेसे वाटणारा हा पहिलाच.

"तेच तं समजून नाई राह्यलं. पंखा फिरला का समदंच ओलं होते. थेंब निंगते कुठून, पत्ता नाई लागत."

"पाहू?" बाह्या वर सारीत त्याने विचारले.

"तुमी घ्याले आले, का दुरुस्त कराले?"

"पहिले समजू तं द्या."

बॉनेट उघडले आणि शिवम बुचकळ्यात पडला. सगळ्या नळ्यांवर पांढरा, वाळलेला लेप. रेडिएटरच्या टाकीत पिवळेजर्द पाणी.

"हे काय हो?"

"मायनं कपड्याची साबन घासली. फट बुजते म्हने." उज्ज्वलेने नजर चुकवली. "अन् आज रिसोडले जाता जाता बाबानं जीपवाल्याचं ऐकून आत हळद टाकली... मूठभर."

"हळद?"

"घरची हाय. भेसळ नाई."

तो खळखळून हसला. पण त्या हसण्यात उपहास नव्हता, म्हणून तिलाही हसू आले.

"हासा, हासा!" ओट्यावर बसलेली तिची आई, कस्तुराबाई, गरजली. "साबनीनं आमची डिझेलची टाकी दोन वर्स थांबली होती!"

"रेडिएटरची जाळी फुटली असन," शिवमने निदान केले.

"जाळी नाई. नळी."

"कायवरून?"

"तुमी कायवरून म्हन्ता जाळी?"

वाद प्रीतीला मारक असतो असे मानणाऱ्यांनी बरोबरीच्या माणसाशी कधी वाद घातलेला नसतो. या दोघांनी तो मनसोक्त घातला, आणि अखेर गाडीलाच विचारायचे ठरले. उज्ज्वलेने इंजिन सुरू केले. दोन माना एकाच वेळी वाकल्या. तापल्या रबराचा वास, ऊबदार वाफ... तिच्या वेणीचे टोक खाली घसरले.

"वेनी—" तो म्हणाला. उचललेला हात त्याने मध्येच आवरला. "पंखा हाय."

तिने वेणी मागे टाकली. इतक्या जवळून इतक्या संकोचाने कोणी बोलल्याचे तिला आठवेना.

तेवढ्यात वरच्या नळीच्या टोकाशी, ती आवळणाऱ्या पट्टीखाली, पांढऱ्या लेपावर एक लाल ठिपका उमटला. पाहता पाहता तो पसरला.

"हळद!" दोघेही एकदम ओरडले.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे हळद पिकवणाऱ्या मुलखात कुणाला शिकवावे लागत नाही. साबणाने गळती थांबली नव्हती, हळदीनेही नाही. मात्र जिथे त्या दोन चुकांची गाठ पडली, तिथे गळतीला आपला ठावठिकाणा लपवता आला नाही.

"नळी," ती म्हणाली.

"नळी," त्याने मान तुकवली. "हरलो."

इंजिन गरम असता रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे वाफ अंगावर घेणे. म्हणून थांबणे प्राप्त झाले. चहा झाला.

"नीट झाली तं गाडी तुमाले भेटनार नाई. समजते ना?"

"समजते."

"मंग काहून करून राह्यले?"

"अर्धवट सोडून जावं म्हनलं, तं..." तो कपात पाहत म्हणाला, "तुमचं तोंड पाहून पाय निंगत नाई."

उज्ज्वलेने मनाशी हिशेब मांडला. गाडी सुधारली तर ती तिची राहील आणि हा रिकाम्या हाताने जाईल. न सुधारली तर हा तीच गाडी घेऊन जाईल. दोन्ही वाटा त्याला फाटकाबाहेरच नेत होत्या.

त्यांनी नळीचे चिरलेले टोक कापले, विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाची नवी पट्टी आवळली, पिवळे पाणी निथळेपर्यंत आतून धुतले आणि हिरवे कूलंट भरले. दुपारी हिरालाल परतले, गाडी घेऊन रिसोडच्या रस्त्याला लांबवर फिरून आले आणि नळीखालून बोट फिरवले. बोट कोरडे.

"विकत नाई," ते म्हणाले. "तुमची चक्कर वाया गेली, भाऊ."

"वाया नाई जी." शिवमने पिशवी खांद्याला अडकवली. "येतो."

तो फाटकाशी पोचला. उज्ज्वला जिंकली होती, तरी तिच्या जिवाला चैन पडेना.

"थांबा जरा—" ती म्हणाली. वडील ऐकत होते, आई ऐकत होती; तिने पर्वा केली नाही. "एका दिवसात असं कसं होते, ते मले समजून नाई राह्यलं... पन तुमी गेल्यावर मले करमनार नाई. एवढं समजते."

शिवम वळला. त्याचे कान लाल झाले होते.

"मलेबी," तो म्हणाला. "कायवरून, ते इचारू नका."

हिरालाल यांनी भांबावून पत्नीकडे पाहिले. कस्तुराबाईने त्या तरुणाला डोक्यापासून ग्रीस माखलेल्या हातांपर्यंत एकवार नीट न्याहाळले.

"शोभते तिले," ती म्हणाली.