माझ्यामागून म्हणा

पहिले तीन आठवडे मी खोलीतलं सामान हलवत होते. पलंग खिडकीशी, मग भिंतीशी, मग परत खिडकीशी. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा वर येऊन काही हरवलंय का असं विचारलं. मी नाही म्हटलं आणि त्यांच्यामागे दार लावून टेबल पुन्हा ओढलं. परदेशात मला स्वस्थ बसता येत नव्हतं, एवढंच.

तशी मी हळवी बाई नाही. आधी रसायनशास्त्राची पदवी, मग बी.एड., मग अकरा वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी. वर्गात उंदीर निघाला तर फळ्यावरचं वाक्य पुरं करून मग शिपायाला हाक मारणारी. इथल्या भाषाशाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली तेव्हा नवऱ्यानं आणि सासूबाईंनी हिंमत देऊन मला पाठवलं, गुंडीला मागे ठेवून. गुंडी म्हणजे आमची सहा वर्षांची लेक. जन्मली तेव्हा तोंड शर्टाच्या गुंडीएवढं होतं म्हणून गुंडी. अट साधी होती. सहा महिने प्रमुख बाईंनी माझं काम बघायचं, पसंत पडलं तर पत्र द्यायचं, आणि त्या पत्रावर गुंडी आणि तिचा बाबा इकडे येणार. कॅलेंडरवर मी रोज एक फुली मारत होते.

वर्ग साडेतीनला सुटायचा. चारला मी शाळेच्या जिन्यात बसून घरी फोन लावायचे. तिकडे तेव्हा गुंडीची झोपायची वेळ असायची. तिला रोज एक वाक्य लागायचं. ते माझंच होतं, कुठल्या पुस्तकातलं नव्हे. "डोळ्यांची दारं लाव, कडी मी घालते." ते ऐकल्याशिवाय ती फोन सोडत नसे.

शाळा म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. माझ्या वर्गात नऊजण, सगळे मोठे. एक बसचालक, एक बेकरीवाला, इस्पितळात साफसफाई करणाऱ्या दोघी, असे. तिसऱ्या बाकावर खिडकीशी एक चाळिशीची बाई बसायची. लाँड्रीत उसवलेले कपडे शिवून द्यायची. तिच्या राखाडी स्वेटरच्या बाहीला टाचण्या टोचलेल्या असत. मी मनातल्या मनात तिला शिवणबाई म्हणायचे.

शिकवण्याची पद्धत माझी जुनीच. वाक्य मी म्हणायचं, वर्गानं माझ्यामागून म्हणायचं, मग प्रत्येकानं त्यात आपापली माहिती घालायची. उदाहरणं मी स्वतःचीच देत असे, तेवढाच विचार वाचतो. मला एक मुलगी आहे. ती सहा वर्षांची आहे. तिला दुधावरची साय आवडत नाही. बसचालकानं दोन मुलगे सांगितले, बेकरीवाल्यानं एक मांजर. शिवणबाईंचा नंबर आला तेव्हा त्या म्हणाल्या, मला एक मुलगी आहे, ती सहा वर्षांची आहे, तिला दुधावरची साय आवडत नाही.

वर्ग हसला. मी समजावलं की स्वतःबद्दल सांगायचंय. त्यांनी दोन्ही हात उघडे करून दाखवले. आपल्याला कोणी नाही, असा त्याचा अर्थ मी घेतला आणि मला वाईट वाटलं. मग मी मास्तरी आगाऊपणा केला. म्हटलं, "हरकत नाही. खरंच असलं पाहिजे असं नाही. वाक्य बरोबर आलं म्हणजे झालं. माझंच घ्या."

"घेऊ?" त्यांनी विचारलं.

"घ्या की."

पुढच्या आठवड्यात भूतकाळ सुरू केला. आज सकाळी काय झालं ते सांगा, असं म्हटल्यावर शिवणबाई सावकाश उठल्या. माझ्या मुलीचा पुढचा दात आज सकाळी पडला, म्हणाल्या. मी शाबासकी दिली. चारला फोन लावला तर नवरा म्हणाला, "अगं, तुझ्या लेकीचा दात पडला. सकाळी दुधाच्या कपात सापडला." मी हसले. सहाव्या वर्षी दात नाही पडणार तर कधी पडणार? खोलीवर जाऊन मात्र पलंग पुन्हा भिंतीशी नेला.

त्यांची प्रगती बघून कुणीही खूश झालं असतं. मला ती बोचायला लागली. शेवटचा शब्द किंचित ओढायची माझी खोड त्यांनी उचलली. बोलण्याआधी हलकेच घसा खाकरायची सवयही उचलली. एकदा मी पाणी पीत होते आणि त्या धडा वाचत होत्या, तेव्हा प्रमुख बाईंनी दारातून डोकावून आधी मला पाहिलं, मग वर्ग पाहिला, मग परत मला. नंतर त्यांनी माझी तोंडभरून स्तुती केली. विद्यार्थ्यांच्या तोंडी इतका स्वतःचा सूर बसवणारी शिक्षिका पाहिली नाही म्हणाल्या. मी आभार मानले.

त्याच सुमारास माझे शब्द अडायला लागले. इंग्रजीतले नव्हे, मराठीतले. एकदा गुंडीला उशी नीट घे म्हणायचं होतं आणि उशी हा शब्दच सापडेना. "ते... डोक्याखाली असतं ते," मी म्हटलं. गुंडी खो खो हसली, तिला हा नवा खेळ वाटला. चौथ्या दिवशी ती हसेनाशी झाली. सासूबाईंनी फोन घेऊन विचारलं, "घसा बसलाय का गं? आवाज ओळखू येईना."

मागून नवरा म्हणाला, "सकाळी तर छान बोललीस की. अर्धा तास. वेणी कशी घालायची तेसुद्धा सांगितलंस."

मी सकाळी फोन केलेला नव्हता. तसं सांगितल्यावर तो म्हणाला, अगं कामानं डोकं शिणलंय तुझं, जरा झोप काढ. त्याच्या आवाजात काळजी होती. मी माझा फोन तीनदा तपासला. मला भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची तर मराठीत सांगावी लागणार होती.

गुरुवारी वर्ग सुटल्यावर मी शिवणबाईंना थांबवलं. माझ्या घरी फोन कोण करतं, असं इंग्रजीत सरळ विचारलं. त्यांनी बाहीवरच्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या. मग हलकेच घसा खाकरला.

"डोळ्यांची दारं लाव, कडी मी घालते."

मराठीत. माझ्या आवाजात. कुठेही न अडखळता.

मी बाक धरला. हे तुम्हाला कुणी शिकवलं, एवढंच विचारायचं होतं. तोंडातून निघालं, "तुम्ही... कोण... शिकवलं?"

त्यांनी मान हलवली. रागानं नाही, मायेनं. "तुम्हाला कुणी शिकवलं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत थांबल्या.

मी त्यांच्यामागून म्हटलं.

शुक्रवारी त्यांची जागा रिकामी होती. सोमवारीही. त्याच दिवशी माझे सहा महिने भरले; दुपारी प्रमुख बाईंनी मला आत बोलावून पत्र हातात ठेवलं. मी पसंत पडले होते, घरच्यांना आणायला मोकळी होते. मी शिवणबाईंचं विचारलं. प्रमुख बाई म्हणाल्या, त्यांनी नाव काढून घेतलं, मुलीकडे निघाल्यात, फार खुशीत होत्या.

मी चार वाजायची वाट पाहिली नाही. जिन्यातच फोन लावला. खूप वेळ वाजत राहिला, मग गुंडीनं घेतला.

"गुंडी. मी... आई."

मागे भांडी घासायचा नळ चालू होता.

"आई बोलते. पत्र मिळालं. तू... इकडे... येणार."

एकेक शब्द जुळवत होते. माझा सूर मलाही ऐकू येत होता, सुटा सुटा, नवशिक्याचा. गुंडीनं मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. अनोळखी माणसाशी नीट बोलावं, हे तिला मीच शिकवलेलं.

"तुम्ही छान मराठी बोलता," ती म्हणाली. "थांबा हं, आईला देते."

पलीकडे नळ बंद झाला.