दोन राष्ट्रगीतं संपेपर्यंत

“पेटी मी उचलतो. तू हात लावू नकोस!” अकरा दिवसांत बाबा लोरेटाशी बोलले ते एवढंच… आणि तेही पेटीकडे बघून!

बाबांचा, म्हणजे सार्जंट डनवुडींचा, आवाज असा, की ओकिनावाच्या समुद्रातले मासेसुद्धा म्हणे रांगेत पोहायचे. पण त्या आवाजापेक्षा हे मौन भयंकर होतं. जपानच्या त्या बेटावरच्या अमेरिकी छावणीतल्या शाळेचं शेवटचं वर्ष, शाळा संपल्याच्या समारंभाचा झगा कपाटात टांगलेला, सहा आठवडे काय ते उरलेले… आणि आज संध्याकाळच्या विमानानं तिची अलाबामाला, आजीकडे रवानगी! बापाची गाडी पळवून फाटकाबाहेरच्या टोफूवाल्या म्हातारीची भिंत पाडली, हा तिचा गुन्हा. बाहेर बेअब्रू करणारं पोर मायदेशी धाडायचं, हा कमांडरचा हुकूम; त्यापुढे सार्जंटचं काय चालणार?

“शहाणी मुलगी, शहाणी मुलगी… घ्या आता!” शेजारच्या कॉर्पोरलची बायको कुंपणावरून म्हणालीच.

खरं तर गाडी चालवत होती धाकटी बहीण जूनी; लोरेटा नुसती शेजारी बसलेली. पोलीस यायच्या आत लोरेटानं तिला बाजूला ढकललं आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसली. का? आई गेल्यापासून सहा छावण्या, सहा शाळा… दर बदलीला ते पोर थोडं थोडं मुकं होत गेलेलं. या बेटावर तिला पहिली मैत्रीण मिळाली, ती पहिल्यांदा खदखदून हसली! ते हसू मोडण्यापेक्षा आपलं वर्ष मोडलेलं बरं, असं त्या वेड्या जिवानं ठरवून टाकलं होतं.

पेटी गाडीपाशी पोचली आणि छावणीच्या भोंग्यांवर संध्याकाळचं राष्ट्रगीत सुरू झालं. सायकली थांबल्या, चेंडू थांबले. बाबा झेंड्याकडे वळले, हात कपाळाशी नेला आणि पुतळा झाले. तेवढ्यात घरातून जूनी धावत आली.

“बाबा, आता तुम्हाला ओरडता येत नाही, म्हणून आत्ताच सांगते… गाडी मी चालवत होते!”

“जूनी, गप्प बस!” लोरेटा कळवळली.

“नाही बसणार! मी भ्याले, बाबा… म्हणून हिनं स्वतःवर घेतलं!”

अमेरिकेचं गीत संपलं, जपानचं सुरू झालं. सार्जंटचं बोटही हललं नाही. गालांवरून मात्र अश्रू ओघळले… त्यांच्या हयातीतले बेशिस्तीचे पहिलेच दोन थेंब!

गीत संपलं. चेंडू पुन्हा उडाले. बाबांचा हात मात्र कपाळालाच.

“कमांडरकडे जातो… खरं सांगतो…”

“मग काय होईल? कागदावरचं नाव बदलेल, बाबा. विमान तेच.”

“पोरी… अकरा दिवस मी तुझ्याशी एक शब्द…”

“बोलला असतात, तर मला रडू फुटलं असतं आणि मी सगळं सांगून बसले असते. नाही बोललात, तेच बरं झालं!”

तरी तो हात उतरेना… उतरला, की दोन लेकींतली एक निवडावी लागणार होती. आणि दोन युद्धांतून परतलेल्या त्या माणसापाशी तेवढं बळ नव्हतं!

लोरेटा पुढे झाली. बापाचा हात तिनं दोन्ही हातांत धरून हळूच खाली आणला, पेटी गाडीत सरकवली आणि आत बसून दार ओढून घेतलं.

“चला बाबा. उशीर होतोय.”